प्रतिनिधी द्रव्य : तंजावरच्या सरफोजीराजांचे चरित्र

१

तंजावर नगरीचे नाव ज्या कलावस्तूंशी निगडित झाले आहे, त्यांपैकी अनेकींच्या मुळाशी एकच लाकूड आढळते : फणसाचे. वीणेचा कुडम, म्हणजे घटासारखा कोरून पोकळ केलेला भाग, फणसाच्या ओंडक्यातून काढतात. मृदंगाचे खोड फणसाचे असते. सुवर्णपत्र्याने आणि काचमण्यांनी मढविलेली जी चित्रे आज तंजावर शैलीची म्हणून ओळखली जातात, ती ज्या फळीवर रंगविली जात तीही परंपरेने फणसाचीच. तमिळ भाषेत या चित्रांना पलगै पडम्, म्हणजे फळीवरचे चित्र, असेच म्हणतात. चित्राला नाव मिळाले ते देवतेवरून किंवा रंगावरून नव्हे, तर खालच्या लाकडावरून.

हेच लाकूड का, असे विचारले असता कारागिरांकडून बहुधा पूर्वापार चालीचे उत्तर मिळते. अधिक खोदून विचारल्यास लाकडाचे गुण सांगितले जातात : ते फार जड नाही, कीड त्याला सहसा धरत नाही, कोरताना ते फाटत नाही. हे गुण खरे आहेत. कोकणातही पाट, देव्हारे आणि दारे फणसाची करतात. तेव्हा मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. तथापि फणस जेथे उगवतो तेथेच फणसाचे गुण गाइले जातात, हेही विसरता येत नाही. इटलीतील मध्ययुगीन चित्रकार पॉप्लरच्या फळीवर रंगवीत, आणि उत्तरेकडील फ्लेमिश चित्रकार ओकच्या फळीवर; दोघांनाही आपापले लाकूड योग्य वाटे. जवळ मिळते म्हणून एखादे द्रव्य हाती येते, हातवळणाने ते सोयीचे होते, सोयीतून त्याचे गुण सांगितले जातात, आणि अखेर ते वापरले नाही तर वस्तूच खोटी ठरते. द्रव्याची सवय परंपरेच्या पदवीला पोचते ती या क्रमाने.

आपल्या शास्त्रग्रंथांनी या सवयीला दोन प्रकारे तोंड दिले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत शय्यासनांसाठी कोणती लाकडे शुभ व कोणती अशुभ, याचा स्वतंत्र विचार आहे. विजेने, पुराने किंवा हत्तीने पाडलेले झाड तेथे वर्ज्य ठरते. हा झाला विधिनिषेधाचा मार्ग. दुसरा मार्ग मीमांसकांचा. पळसाची जुहू आणि खैराचा स्रुव सांगणाऱ्या यज्ञपरंपरेतच असा प्रश्न उपस्थित झाला, की सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर काय करावे? जैमिनीय सूत्रांच्या सहाव्या अध्यायात त्याची चर्चा आहे. व्रीही नसतील तर नीवार घ्यावेत, सोम नसेल तर पूतिक घ्यावी. मात्र देवता, मंत्र आणि कर्म यांना प्रतिनिधी नाही. याचा अर्थ असा, की कोणते द्रव्य बदलता येईल हे ठरविण्यापूर्वी ते द्रव्य त्या कर्मात नेमके कोणते कार्य करते, हे पाहावे लागते.

तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांचे चरित्र सामान्यतः ग्रंथसंग्राहक, विद्याव्यासंगी, नवविद्येचा पुरस्कर्ता अशा विशेषणांच्या माळेत ओवले जाते. ती विशेषणे यथार्थ आहेत. परंतु त्या आयुष्याचा गाभा अधिक स्पष्टपणे हाती लागतो तो मीमांसकांच्या या प्रश्नातून. रूढ द्रव्याच्या जागी दुसरे द्रव्य चालेल काय, हा प्रश्न सरफोजींनी ग्रंथ, शिला, हाड, वाद्य आणि भाषा या सर्वांना विचारला. आणि त्यापूर्वी तो प्रश्न इतरांनी स्वतः सरफोजींनाच विचारला होता.

२

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावरचे मराठी राज्य स्थापन केले. शतकभरानंतर त्या गादीवर तुळजाजी दुसरे होते. त्यांच्या अखेरच्या काळात वारस उरला नव्हता, म्हणून भोसले कुळातीलच एका शाखेतून नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यात आला. १७८७ च्या आरंभी दत्तविधान झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तुळजाजींचे निधन झाले. तोच मुलगा सरफोजी.

धर्मशास्त्राच्या परिभाषेत औरसाखेरीज इतर पुत्रांना पुत्रप्रतिनिधी म्हटले आहे. यज्ञातील नीवाराप्रमाणेच दत्तक हाही प्रतिनिधी : तर्पण, पिंडदान आणि वंशसातत्य ही पुत्राची कार्ये त्याच्याकडून होऊ शकतात, म्हणून तो पुत्राच्या जागी बसतो. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी या दत्तविधानाच्या वैधतेला आक्षेप घेतला. ईस्ट इंडिया कंपनीने पंडितांची मते मागविली. ती विरुद्ध गेली, आणि अमरसिंह गादीवर बसले. पुढे कंपनीनेच पुन्हा मते मागविली, आणि या वेळी ती सरफोजींच्या बाजूने आली. दोन्ही वेळा शास्त्र तेच होते. बदलले होते ते विचारणाऱ्याचे प्रयोजन. आपण कोण आहोत, या प्रश्नाचे उत्तर दोनदा इतरांच्या सहीने ठरलेले पाहत हा मुलगा वाढला.

या काळात त्यांचा सांभाळ करण्याची जबाबदारी ख्रिस्तियन फ्रीडरिश श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याने घेतली होती. तुळजाजींनीच मुलाला त्यांच्या हाती सोपविले होते. राजवाड्यातील छळ असह्य झाल्यावर १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलविण्यात आले, आणि तेथे गेरिके या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही आणि गुरूविषयीची कृतज्ञताही सोडली नाही. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्‌झ यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस सरफोजी गादीवर आले. गुरूच्या स्मारकासाठी त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून आणले. श्वार्ट्‌झ यांच्या मृत्युशय्येजवळ राजा उभा आहे, असे ते दृश्य तंजावरच्या चर्चमध्ये आहे. समाधीवरील इंग्रजी पद्यलेख राजाने स्वतः रचला. हिंदू राजाने ख्रिस्ती गुरूचे ऋण फेडले ते परक्या देशाच्या पाषाणातून आणि परक्या भाषेच्या छंदातून. द्रव्ये दोन्ही उसनी होती. कर्म मात्र शिष्याचेच होते, आणि त्याला प्रतिनिधी नव्हता.

३

राज्यारोहणानंतर वर्ष-सव्वा वर्षातच, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, तह झाला. त्यान्वये तंजावर राज्याचा संपूर्ण कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला व लगतचा परिसर उरला. वार्षिक एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उत्पन्न ठरले. भूमी, सैन्य, दंड आणि कर या चार गोष्टींनी राजेपण घडते असे मानले जाई. यांपैकी एकही द्रव्य आता हाती नव्हते. वय अवघे बावीस होते.

असे अनेक राजे त्या काळी झाले, आणि त्यांतील बहुतेकांनी रिकाम्या दरबाराची सजावट वाढवून दिवस काढले. सरफोजींचे वेगळेपण असे, की राजेपणाची कार्ये कोणती, याची त्यांनी जणू नव्याने यादी केली. रक्षण आणि दंड ही कार्ये गेली. पण अन्नदान, विद्यादान, औषधदान, मंदिरांचा सांभाळ, पूर्वजांची कीर्ती राखणे ही कार्ये भूमीवाचूनही करता येण्याजोगी होती. रामेश्वरच्या यात्रामार्गावरील छत्रे, म्हणजे अन्नछत्रे आणि धर्मशाळा, कंपनीने हिरावू नयेत यासाठी त्यांनी आग्रह धरला. १८०२ मध्ये ओरत्तनाडू येथे मुक्तांबाबाईंच्या नावे छत्र उभे राहिले. तेथे यात्रेकरूंना अन्न, रुग्णांना औषध आणि मुलांना शिक्षण मिळे. महसूल गोळा करण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याने महसुलातून मिळालेल्या हिश्शाचा असा विनियोग केला.

४

या आयुष्यातील सर्वांत बोलका प्रसंग मानवी सांगाड्याचा आहे. सरफोजींना वैद्यकाची, विशेषतः शरीररचनेची, मनापासून ओढ होती. युरोपीय ग्रंथ, चित्रे आणि उपकरणे त्यांनी मागविली. परंतु शरीररचना शिकायची तर सांगाडा हवा, आणि मानवी अस्थीला स्पर्श म्हणजे अशौच. राजवाड्यात देवघर होते, नित्यपूजा होती, ब्राह्मणांचा वावर होता. सरफोजींच्या संग्रहात आला तो हस्तिदंताचा सांगाडा. १८२६ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर तंजावरला आले, तेव्हा त्यांच्या मंडळींनी राजाच्या ग्रंथालयात वायूनिष्कासक यंत्र, विद्युत्‌यंत्र आणि ज्योतिषविषयक उपकरणे यांच्या पंक्तीला हा सांगाडा पाहिला आणि त्याची नोंद केली.

या निवडीकडे दोन्ही बाजूंनी उपहासाने पाहता येते. सुधारक म्हणेल, की राजाने विज्ञान घेतले पण सोवळे सोडले नाही. सनातनी म्हणेल, की हत्तीचा दात हेही मृत प्राण्याचे अंगच आहे. शास्त्राचा पाठ मात्र या दोहोंहून सूक्ष्म आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोरड्या मानवी अस्थीच्या स्पर्शावर आचमनासारखी हलकी शुद्धी सांगितली आहे. म्हणजे शास्त्राने दार पुरते लावलेले नव्हते. त्याच अध्यायात दाताच्या वस्तूंना वस्तू म्हणून शुद्धी आहे, आणि लाकडी वस्तूंची शुद्धी तासण्याने होते असे म्हटले आहे. सुताराचा रंधा हे शुद्धीचे साधन मानणारी ही दृष्टी द्रव्याच्या उगमापेक्षा त्यावर झालेल्या संस्काराला महत्त्व देते. घडविलेला हस्तिदंत ही वस्तू आहे. मनुष्याचे हाड हा कोणाचा तरी देह आहे.

सरफोजींची निवड या भेदावर उभी आहे. सांगाड्याचे कार्य काय? हाडांचे आकार, त्यांची संख्या, त्यांचे सांधे दाखविणे. हे कार्य आकृतीचे आहे, आणि आकृती दुसऱ्या द्रव्यात उतरू शकते. त्या द्रव्याला बारीक कोरीव काम सोसले पाहिजे, ऋतूंप्रमाणे ते फार फुगता-आकसता कामा नये, आणि त्याचा रंग व पोत हाडाशी जुळला पाहिजे. लाकूड येथे मागे पडते. पाण्याच्या अंशाप्रमाणे ते रेषांच्या आडव्या दिशेने हलते, आणि मनगटातील लहानसे हाड त्यात टिकाऊपणे कोरणे कठीण. हस्तिदंत कसोटीला उतरतो. कारागिराची ही बुद्धी आणि मीमांसकाची बुद्धी येथे एकाच निष्कर्षाला येतात.

पण प्रतिनिधीला मर्यादा असते. हस्तिदंतात हाडाची आकृती येते. त्याचा रोग, त्याची झीज, मोडून पुन्हा जुळल्याची खूण येत नाही. हाड आतून कसे असते ते दात सांगू शकत नाही. जे ज्ञान मूळ द्रव्यातच साठलेले असते ते आकृतीबरोबर उतरत नाही. १८३६ च्या जानेवारीत मधुसूदन गुप्त यांनी कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन केले, तेव्हा सरफोजींना जाऊन चार वर्षेही पुरी झाली नव्हती. गुप्तांनी प्रतिनिधी नाकारला. सरफोजींनी तो शोधला. परंतु सरफोजींना या मर्यादेची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधींची परीक्षा होई, आणि नेत्ररुग्णांच्या ज्या नोंदी आज उपलब्ध आहेत त्यांत प्रत्यक्ष रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढलेली आहेत. जिवंत डोळ्याला स्पर्शाचे अशौच नव्हते. तेथे त्यांनी प्रतिनिधी स्वीकारला नाही.

५

साहित्याच्या अभ्यासकाला याच वृत्तीचे दर्शन अक्षरद्रव्यात घडते. सरफोजींना वारशाने मिळालेला ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासून चालत आलेला होता. त्यात लाकडी फळ्यांत बांधलेल्या ताडपत्राच्या पोथ्या होत्या आणि कागदावरची हस्तलिखिते होती. त्यांनी त्यात कित्येक हजार युरोपीय मुद्रित ग्रंथांची भर घातली, आणि त्यांतील अनेकांवर स्वतःची स्वाक्षरी केली. १८२० मध्ये निघालेल्या काशीयात्रेत हस्तलिखिते मिळविण्याचे आणि नकलून घेण्याचे कामही चालू राहिले. ताडपत्र, कागद आणि मुद्रित पान या तिन्ही द्रव्यांना त्यांनी एका छताखाली आणले. एकामुळे दुसरे त्याज्य ठरविले नाही.

१८०५ च्या सुमारास राजवाड्यात देवनागरी मुद्रणालय सुरू झाले. त्याच वर्षी श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले होते. म्हणजे मराठी मुद्रणाचे दोन्ही आरंभबिंदू महाराष्ट्राच्या बाहेरच सापडतात. १८०६ मध्ये तंजावरच्या मुद्रणालयातून बालबोध मुक्तावली निघाली. इसापच्या कथांचे ते सख्खण पंडितांनी केलेले मराठी रूप होते. दफ्तराची लिपी मोडीच राहिली. मुलांच्या हाती द्यायच्या पुस्तकासाठी बालबोध निवडली गेली. मोडी धावत्या हातासाठी आहे आणि बालबोध थांबून वाचणाऱ्या डोळ्यासाठी. लिपीची ही निवडही कार्य पाहून केलेली दिसते.

याच्या उलट वळणाची निवड बृहदीश्वर मंदिरात दिसते. घराण्याचा इतिहास मराठीत बखरीच्या रूपाने कागदावर लिहिण्याची रीत होती. सरफोजींनी भोसले वंशाचे चरित्र १८०३ मध्ये मंदिराच्या प्राकारात दगडावर मराठीत कोरविले. भारतातील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. त्याच मंदिराच्या अधिष्ठानावर अकराव्या शतकातील राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत. राजराजाने दगडावर दाने नोंदविली ती राज्य हाती असताना. सरफोजींनी वंश नोंदविला तो राज्य गेल्यावर चार वर्षांनी. कागद दफ्तरात जातो आणि दफ्तर कंपनीच्या ताब्यात जाऊ शकते. मंदिराची भिंत कोणी उचलून नेत नाही. बखरीचा मजकूर दगडावर गेला तो या भीतीतून, असे अनुमान करण्यास जागा आहे. ज्याच्या वंशत्वावर दोनदा निवाडा झाला, त्याने वंशवृत्तासाठी सर्वांत कठीण द्रव्य निवडावे, हे स्वाभाविकच आहे.

वाङ्मयप्रकारातही हेच घडले. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार : कुरव जमातीची भविष्यवेत्ती येते, आपल्या डोंगरांचे आणि देशांचे वर्णन करते, नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते. सरफोजींच्या नावावरील देवेंद्र कुरवंजी हे नाट्य मराठीत आहे, आणि त्यात कुरव स्त्रीच्या तोंडून पृथ्वीचा भूगोल सांगितला जातो. देशवर्णन हा या प्रकाराचा मूळ सांधाच होता. राजाने तो न मोडता त्यात नवे लाकूड बसविले : डोंगरांच्या जागी खंड आले, आणि भाषा तमिळऐवजी मराठी आली. तमिळ प्रकार, मराठी शब्द आणि युरोपीय भूगोल असा हा तिहेरी जोड आहे. तौलनिक अभ्यासात अशा कृतींना प्रभाव हा शब्द सहज लावला जातो, पण तो येथे अपुरा पडतो. प्रभाव नकळत होतो. ही निवड जाणून केलेली आहे.

६

एवढे सर्व बदलणाऱ्या राजाच्या नगरीत वीणा मात्र फणसाचीच राहिली. चोवीस अचल पडद्यांच्या वीणेचे श्रेय परंपरा सतराव्या शतकातील रघुनाथ नायक यांच्या दरबाराला देते. सरफोजींच्या काळापर्यंत तिचे रूप स्थिर झाले होते, आणि त्याला कोणी हात लावला नाही. त्याच काळात तंजावरात पाश्चात्त्य वाद्यवृंद होता आणि व्हायोलिनचा शिरकाव झाला होता. आल्प्सच्या परिसरातील स्प्रूस आणि मेपल यांचे हे वाद्य लाकडासकट स्वीकारले गेले. बदलली ती बैठक, धरण्याची रीत आणि तारांची जुळणी. दरबाराशी संबंधित असलेल्या चार बंधूंपैकी वडिवेलु यांना १८३४ मध्ये त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी हस्तिदंती व्हायोलिन दिले. तेथे हस्तिदंत मानाचे द्रव्य होते. सरफोजींच्या सांगाड्यात तो कामाचे द्रव्य होता. एकाच द्रव्याच्या या दोन उपयोगांत सवय आणि विचार यांच्यातील अंतर दिसते.

मग वीणेचे फणस ही सवय की गरज? या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून कोणी दिलेले नाही. पण दिशा दाखविणारे काम झाले आहे. तंजावरपासून फार दूर नसलेल्या तिरुचिरापल्लीत जन्मलेले चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना दाखविले, की तंबोरा आणि वीणा यांच्या नादाचे वैशिष्ट्य त्यांच्या रुंद, वक्र घोडीवर अवलंबून आहे; तार तिच्या पृष्ठभागाला लागत-सुटत राहते आणि त्यामुळे स्वरांश समृद्ध होतात. म्हणजे ज्या गुणाचे श्रेय आपण अवघ्या लाकडाला देतो, त्याचा मोठा वाटा बोटभर धातुपट्टीच्या वक्रतेचा आहे. अलीकडे, २०१८ मध्ये, लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी केवळ मागच्या व बाजूच्या लाकडात फरक असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना न दिसतील अशा रीतीने वाजवावयास दिल्या, तेव्हा दुर्मिळ आणि स्वस्त लाकडांना मिळालेल्या पसंतीत फारसा फरक आढळला नाही. गिटारीचा निष्कर्ष वीणेला जसाच्या तसा लागू करणे चूक होईल, कारण वीणेचा घट कोरीव असतो. परंतु प्रश्न विचारण्याची रीत लागू होते : कोणता भाग कोणते कार्य करतो?

तंजावर परिसरातच याचे प्रतिउदाहरणही आहे. नरसिंगमपेट्टै येथील नादस्वर आच्चा लाकडाचे करतात. खानदेशातील वाचकाला परिचित असलेला अंजन तो हाच. तेथे ताजे लाकूड चालत नाही. जुन्या घरांच्या तुळयांतून निघालेले, दीर्घकाळ वाळलेले लाकूड पसंत केले जाते. वाऱ्याच्या वाद्याची नळी हवेच्या ओलाव्याने हलली तर स्वर ढळतो. पुरते वाळलेले लाकूड कमी हलते. ही सवय तपासणीत टिकते. सवय जुनी आहे एवढ्याने ती खोटी ठरत नाही, आणि खरीही ठरत नाही.

७

सरफोजींनी कोणते प्रश्न विचारले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. हस्तिदंत निवडताना हत्तीचा प्रश्न त्यांना पडला नाही. त्या काळी तो कोणालाच पडत नव्हता. कंपनीच्या सत्तेला त्यांनी प्रतिनिधी शोधला नाही. समुद्रकिनाऱ्यावरील मनोरा हा बुरूज नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाचे स्मारक म्हणून त्यांनी उभारला. शिवछत्रपतींच्या कुळातील राजाने परक्यांच्या जयासाठी चुनाविटा खर्चाव्यात, ही घटना वाचकाला खिन्न करते. ज्याचे राजेपण कंपनीच्या अनुज्ञेवर उभे होते, त्याला तो पाया तपासणे परवडणारे नव्हते, एवढेच म्हणता येते. त्यांच्या विचारशक्तीची सीमा आणि किल्ल्याची सीमा येथे एक होते.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. पुत्र शिवाजी गादीवर आले आणि १८५५ मध्ये पुत्रसंतान मागे न ठेवता वारले. कन्येचा वारसा कंपनीने मानला नाही, आणि राजपद समाप्त झाल्याचे जाहीर केले. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कंपनीच्या कृतीत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. १७८७ मध्ये जो वाद एका दत्तकावरून सुरू झाला होता, तो असा संपला. पहिल्या वेळी निदान पंडितांना विचारले गेले होते. या वेळी शास्त्राची गरजच उरली नव्हती.

राजपद गेले, पण राजाने त्याच्या जागी जे ठेवले होते ते उरले. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सार्वजनिक झाले, आणि तेथील तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आज महाराष्ट्राबाहेरील मराठी वाङ्मयाच्या अभ्यासाचा मुख्य आधार आहेत. हस्तिदंताचीही गोष्ट पुढे गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि १९८६ व १९९१ मधील दुरुस्त्यांनंतर भारतात त्याचा व्यापार बंद झाला. वीणेवरील हस्तिदंती नक्षीच्या जागी प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या. नादात त्याने काही उणे आले नाही, कारण ते द्रव्य तेथे शोभेचेच कार्य करीत होते. चित्रांची फणसी फळी मागे पडून बहुतेक ठिकाणी प्लायवुड आले आहे. जुने रसिक त्याला खोटे मानतात.

हा आक्षेप सरफोजींपुढे आला असता तर त्यांनी बहुधा फळीचे कार्य विचारले असते. फळीने चुन्याचा लेप, काचमणी आणि सोन्याचा पत्रा यांचा भार सपाटपणे धरावयाचा आहे. अखंड फळी रेषांच्या आडवी फुगते-आकसते, म्हणून तर जुन्या चित्रकारांनी लाकूड आणि लेप यांच्यामध्ये कापड चिकटविले. प्लायवुडचे थर आडवे-उभे चिकटविलेले असल्याने ही हालचाल मुळातच कमी होते. फणसाच्या बाजूने सांगण्याजोगी गोष्ट अशी, की त्याच्या टिकाऊपणाला दोन शतकांची साक्ष आहे, आणि प्लायवुडमधील डिंकाला तशी साक्ष अद्याप नाही. हा हिशेब पुरा होण्यास अवधी लागेल. तोवर सरस्वती महालाच्या नगरीत जो कारागीर फळी निवडताना क्षणभर थांबून विचार करतो, तो त्या राजाच्याच परंपरेतला आहे, मग त्याच्या हातातील फळी फणसाची असो वा नसो.